बगदादची फ्लॉरेन्स, मुंबईच्या नादिराबाई

(कामण परिसरातल्या महिला बचत गटांसाठी रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कामण, चिंचोटी, जूचंद्र, इकडे खारबावपर्यंतच्या सगळ्या गटांतल्या तायांना, मावश्यांना, काकूंना आणि रेडिओ लावून भाकऱ्या थापत बसलेल्या सगळ्यांनाच माझा नमस्कार.

आज मी एका नटीबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, गटाच्या कार्यक्रमात नटीचं काय काम? कर्जाबद्दल बोल, पापडाच्या ऑर्डरीबद्दल बोल. तर कर्जाबद्दलही बोलणारच आहे. आधी हे सगळं सुचलं कसं ते सांगते.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक माझ्या पडवीत होती. आत सासूबाई टीव्ही लावून बसल्या होत्या. राज कपूरचा 'श्री ४२०' चालू होता. क्लबातलं ते गाणं आलं. काळा झगा, हातात लांब नळी आणि नळीत सिगरेट. बैठकीतल्या दोघीतिघी वाकून आत बघायला लागल्या. एक काकू म्हणाल्या, "ही बघा, हीच ती. हिनंच त्या बिचाऱ्याला बिघडवला." सासूबाई आतून म्हणाल्या, "मेली दिसतेच तशी."

आमच्या बैठकीत त्या दिवशी एकच मोठा विषय होता. गॅरेजमागच्या चाळीत राहणाऱ्या एका बाईला गटात घ्यायचं की नाही. तिचं नाव सांगत नाही, तिला विचारलेलं नाही म्हणून. उत्तर प्रदेशातली आहे. इथे येऊन अकरा वर्षं झाली. गाळ्यांमधून तयार कपड्यांचे गठ्ठे आणते आणि घरी बसून धागे कापते. दोन मुलं इथल्याच शाळेत मराठीत शिकतात. तिला गटात यायचं आहे. त्यावर आमच्यात दोन तट पडले. एक वहिनी म्हणाल्या, "बाई चांगली आहे, पण ती आपली नाही. कर्ज घेईल आणि एक दिवस गाडीत बसून गावाला जाईल. मग कुठे शोधायची?"

रात्री माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र घोळायला लागल्या. ती पडद्यावरची "मेली" आणि ही चाळीतली "आपली नाही". म्हणून मी त्या नटीची माहिती काढली. निघालं असं की तीही आपली नव्हती. ती खूप लांबून आली होती.

तिचं जन्मनाव फ्लॉरेन्स इझीकेल. जन्म ५ डिसेंबर १९३२, बगदाद शहरात, म्हणजे आताच्या इराक देशात. घर यहुदी धर्माचं. अगदी लहानपणीच ती आईवडिलांबरोबर मुंबईत आली.

बगदादचे यहुदी म्हणजे कोणीतरी भलतेच, असं समजू नका. ससून डॉक ठाऊक आहे ना? आपल्या मासळीवाल्या बायका ज्या धक्क्यावर पहाटे माल घ्यायला जातात, तो धक्का. पुण्याचं ससून हॉस्पिटल तर सगळ्यांना माहीत आहे. हे ससून घराणं बगदादहून मुंबईला आलेलं यहुदी घराणं. तो धक्का त्यांनी १८७५ साली बांधला. त्यांच्या मागून बगदादची बरीच कुटुंबं मुंबईत आणि पुण्यात आली. त्यातली काही श्रीमंत होती, पण बरीचशी साधी, पोटापाण्यासाठी आलेली होती.

आणि आपल्या कोकणात तर त्याच्याही कितीतरी आधीपासून यहुदी लोक आहेत. अलिबागकडे त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. घरात मराठी बोलायचे, बायका लुगडी नेसायच्या. 'बूट पॉलिश' चित्रपटात जॉन चाचाचं काम करणारे डेव्हिड आठवतात का? तो टकला, हसऱ्या चेहऱ्याचा म्हातारा. त्यांचं आडनाव चेऊलकर. आपल्या चौलवरून पडलेलं. म्हणजे तिकडून इकडे आलेले इथलेच होऊन गेले. आणि हेच डेव्हिड शेवटी कॅनडात गेले आणि तिथेच वारले. एकाच आयुष्यात माणूस एका ठिकाणी घरचा आणि दुसऱ्या ठिकाणी परका असतो, ते असं.

आता आपल्या फ्लॉरेन्सकडे येऊ. १९५२ साली मेहबूब खान यांचा 'आन' आला. हेच मेहबूब खान पुढे 'मदर इंडिया'वाले. 'आन' रंगीत होता आणि त्या काळात रंगीत चित्रपट म्हणजे मोठीच नवलाई. नायक दिलीपकुमार. त्यात गर्विष्ठ राजकन्येचं काम या मुलीला मिळालं. वय विशीच्या आत. आणि पडद्यावर नाव आलं नादिरा. नादिरा म्हणजे दुर्मीळ, क्वचित सापडणारी.

मैत्रिणींनो, नाव बदलणं आपल्याला नवीन आहे का? आपल्यातल्या कितीतरी जणींचं नाव लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून बदललं. माहेरी एक नाव, सासरी दुसरं. कोणी विचारलंही नाही. म्हणून फ्लॉरेन्सची नादिरा झाली हे वाचलं, तेव्हा मला ती पहिल्यांदा ओळखीची वाटली. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्या नावानं, तिथली भाषा शिकून, तिथल्यांना आवडेल असं वागून जागा करायची. आपण सगळ्याजणी हे करून बसलो आहोत. फक्त आपण बगदादहून आलो नाही. कोणी भिवंडीहून आली, कोणी वाड्याहून, कोणी पालघरहून.

'आन' चालला. आणि तीन वर्षांनी, १९५५ साली 'श्री ४२०' आला. त्यात नर्गिस विद्या, म्हणजे चांगली, गरीब, शिकवणारी. आणि नादिराबाई माया, म्हणजे पैशाची भूल घालणारी. बघा, नावातच सांगून टाकलं आहे कोण कशी ते. नादिराबाईंनी ते काम इतकं चोख केलं की आज इतक्या वर्षांनी आमच्या पडवीत त्यांना शिव्या पडल्या. तेव्हा त्या फक्त बावीस वर्षांच्या होत्या.

पण चोख काम केल्याची शिक्षा कधी कधी अशी मिळते. त्यानंतर त्यांच्याकडे तशाच भूमिका येऊ लागल्या. भुवई उंचावणारी, सिगरेट ओढणारी, दुसऱ्याचा नवरा पळवणारी. गोरा रंग, धारदार नाक, हिंदी बोलण्याची वेगळी ढब. चित्रपटवाल्यांनी ठरवून टाकलं की ही परकी दिसते, म्हणून ही वाईट बाई. घरातली सोशीक सून म्हणून ती नको.

हे फक्त परक्या बाईचंच होतं असं नाही. आपल्या येवल्याच्या ललिता पवार बघा. तरुणपणी त्या नायिका होत्या. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगमध्ये भगवानदादांनी मारलेली थप्पड खरीच जोरात बसली. चेहऱ्याला लकवा झाला, डावा डोळा कायमचा बारीक राहिला. तीन वर्षं उपचार चालले. नायिकेची कामं गेली. मग त्याच डोळ्यानिशी त्या खाष्ट सासू झाल्या आणि १९८७ च्या 'रामायण' मालिकेत मंथरा झाल्या. पण 'अनाडी'मध्ये त्यांनी केलेली मिसेस डिसा, ती वरून कडक आणि आतून मायाळू घरमालकीण, ती पाहिली तर कळतं की एका बाईत किती बायका असतात. त्या कामाला फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं. म्हणजे आपली असो वा परकी, बाईच्या चेहऱ्यावर एकदा शिक्का बसला की तो पुसायला फार वर्षं लागतात.

नादिराबाईंना वीस वर्षं लागली.

या वीस वर्षांत त्या घरी बसल्या नाहीत. नायिकेची कामं मिळेनात तेव्हा त्यांनी चरित्र भूमिका धरल्या. चरित्र भूमिका म्हणजे नायक-नायिका सोडून बाकीची माणसं. आई, आत्या, मालकीण, शेजारीण. १९६० च्या 'दिल अपना और प्रीत पराई'मध्ये त्या डॉक्टरची बायको झाल्या. १९७२ च्या 'पाकीजा'मध्ये कोठ्याची मालकीण. आणि मग १९७५ साली 'ज्यूली' आला.

'ज्यूली'त एक अँग्लो-इंडियन ख्रिस्ती कुटुंब आहे. वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, ते काम ओमप्रकाश यांचं. नादिराबाई आई झाल्या, मार्गारेट. या आईला सतत वाटत असतं की आपलं खरं घर इंग्लंडात आहे, आपण तिकडे गेलं पाहिजे. ज्या देशात जन्म गेला तो आपला वाटत नाही, आणि जो आपला वाटतो तो कधी पाहिलेला नाही. तिची मुलगी ज्यूली एका हिंदू मुलाच्या प्रेमात पडते आणि लग्नाआधी दिवस जातात. मग त्या आईचं काय होतं? ती संतापते, मुलीला लपवते, लोक काय म्हणतील म्हणून थरथरते, आणि तरी मुलीला सोडत नाही.

मैत्रिणींनो, मी हा चित्रपट मुलीच्या मोबाईलवर पाहिला. सिगरेटची नळी धरणारी ती बाई आणि ही आई एकच आहे हे मला खरं वाटेना. आपल्या वसईत किती ख्रिस्ती घरं आहेत, आपल्या शेजारणी आहेत. त्यांच्यातलीच एखादी चिडकी, काळजीनं पोखरलेली आई वाटत होती. या कामासाठी नादिराबाईंना फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. चित्रपट आला तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या.

जरा विचार करा. एका यहुदी घरात जन्मलेल्या, बगदादच्या बाईनं आपल्याला रजपूत राजकन्या दाखवली, हिंदू घरातली बायको दाखवली, मुसलमान कोठेवाली दाखवली आणि ख्रिस्ती आई दाखवली. आणि आपण विचारतो, ही आपली आहे का?

पुढे 'सागर'मध्ये त्या होत्या, २००० च्या 'जोश'मध्येही होत्या. नव्वदच्या दशकात टीव्ही घरोघरी आला तेव्हा त्यांनी 'थोडा सा आसमान'सारख्या मालिकेत काम केलं. म्हणजे १९५२ पासून जवळजवळ पन्नास वर्षं त्या कामाला जात राहिल्या. पहिलं यश नायिकेचं होतं, पण घर चाललं ते या लहान लहान कामांवर.

आता या कामाची खरी गोष्ट सांगते, कारण हल्ली आपल्याकडेही शूटिंग आलं आहे. नायगावपासून आपल्या बाजूपर्यंत मालिकांचे सेट लागतात. पोरी म्हणतात, आई मी गर्दीत उभी राहायला जाऊ का, दिवसाचे पैसे मिळतात. चरित्र भूमिका करणारीचं कामही बहुतेक दिवसाच्या हिशोबानंच असतं. जितके दिवस बोलावलं तितके पैसे. मालिकेत गोष्ट बदलली, त्या आत्याला गोष्टीत मारलं, की त्या बाईचं काम बंद. टीव्हीचे पैसे तर पुष्कळदा तीन तीन महिन्यांनी हातात येतात. आपण समजतो की टीव्हीवर दिसते म्हणजे श्रीमंत असणार. अहो, तीही रोजावरच आहे.

पैसे अडकणं म्हणजे काय ते आमच्या गटानं अनुभवलं आहे. दोन वर्षांपूर्वी एका सेटवर आम्ही डबे देत होतो. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, कधी सुक्या बोंबलाची चटणी. सेटवरच्या मंडळींना फार आवडायचं. एक वयस्कर नटी तर मेकअप न उतरवता भाकरी खायला बसायची. सगळं छान चाललं होतं. मग एक दिवस पॅकअप झालं, सेट उठला, आणि आमचे अठ्ठावीसशे रुपये राहिले. डबे घेणारा माणूस फोन उचलेना. आमच्याकडे लिहिलेलं काही नव्हतं. रोज सही घेतली नव्हती. चूक आमचीही होती.

तेव्हा आमच्याबरोबर त्यांच्या गोडाऊनपर्यंत कोण आलं होतं? हीच, चाळीतली बाई. आम्हाला हिंदीत भांडता येत नाही, तिला येतं. तिनं तिथे उभं राहून सांगितलं, "पैसे मिलने तक हम लोग यहीं बैठेंगे." आणि बसलीही, दुपारी तीन वाजेपर्यंत. तिचा त्या दिवसाचा धाग्याचा गठ्ठा तसाच राहिला. सगळे पैसे नाही मिळाले, पण सोळाशे मिळाले.

ही गोष्ट मी बैठकीत सांगितली. तर त्या वहिनी म्हणाल्या, "मदत केली हे खरं. पण मदत वेगळी आणि कर्ज वेगळं." त्यांचंही चुकत नाही. गटाचे पैसे म्हणजे प्रत्येकीनं पदराला गाठ मारून जमवलेले पैसे. त्यांनी भीती बोलून दाखवली ते बरंच झालं. मनात ठेवली असती तर गटात कुरबूर झाली असती.

पण "परकी आहे म्हणजे निघून जाईल" हे मला नादिराबाईंमुळे पटत नाही. त्यांचं पहिलं लग्न मोडलं, तो नवरा पाकिस्तानात गेला. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि पुढे मुंबईतली बरीच यहुदी कुटुंबं हळूहळू तिकडे निघाली. त्यांचे जवळचे नातलगही परदेशी गेले. नादिराबाई कुठेच गेल्या नाहीत. ज्या मुंबईत लहानपणी आणलं गेलं, तिथेच राहिल्या. शेवटची वर्षं एकट्या. आजार बळावला, आणि ९ फेब्रुवारी २००६ रोजी मुंबईच्या भाटिया रुग्णालयात त्या गेल्या. वय त्र्याहत्तर.

ते वाचून मी थोडा वेळ गप्प बसले. पन्नास वर्षं ज्या बाईला घरोघरी लोकांनी पाहिलं, तिच्या म्हातारपणी घरात सख्खं कोणी नव्हतं. आपल्या गावातही अशा बायका आहेत. मुलं विरार-नालासोपाऱ्याला फ्लॅट घेऊन गेली, आणि म्हातारी इथे कौलाखाली एकटी. ती तर जन्मापासून आपली आहे. तिच्या दारात आपण शेवटचं कधी गेलो होतो? म्हणजे आपली असणं नुसतं जन्मानं होत नाही. कोणीतरी दार वाजवावं लागतं.

तर मैत्रिणींनो, आमच्या गटात मी काय मांडणार आहे ते सांगते. तुमच्याकडेही असा प्रश्न असेल तर उपयोग होईल.

पहिलं, गटात वीसपर्यंत जणी असू शकतात. आमच्या चौदा आहेत. म्हणजे जागा नाही असं म्हणता येत नाही.

दुसरं, तिला घ्यायचं, पण पहिले सहा महिने फक्त बचत. बैठकीला हजेरी, महिन्याचे पैसे वेळेवर. हा नियम फक्त तिला नाही, यापुढे येणाऱ्या प्रत्येकीला. माझ्या भावजयीलासुद्धा.

तिसरं, पहिलं कर्ज लहान. ते फिटलं की पुढचं मोठं. आपल्यातल्याच दोघींनी मागच्या वर्षी हप्ते थकवले होते. त्या इथेच जन्मलेल्या आहेत. तेव्हा कोणी म्हणालं नव्हतं की त्या गाडीत बसून जातील.

चौथं, कोणाचंही काम घेतलं, सेटवरच्या डब्याचं असो की शिवणाचं, तर वही ठेवायची. तारीख, किती डबे, किती रुपये, समोरच्याची सही. पोरगी शूटिंगला जात असेल तर जाऊ द्या, पण कोणी नेलं त्याचं नाव, फोन, दिवसाचे किती आणि कधी मिळणार, हे आधी लिहून घ्या. एकटीला पाठवू नका. आणि काम देतो म्हणून जो आधी पैसे मागेल, त्याच्या वाटेला जाऊ नका.

पाचवं, महिन्यातून एकदा बैठक एखाद्या एकट्या म्हातारीच्या ओट्यावर घ्यायची. चहा आपण न्यायचा.

हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ती सिगरेटवाली आणि ज्यूलीची आई एकच?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "मग लाव बघू तो. पहिल्यापासून लाव." आम्ही दोघींनी तो परत पाहिला. शेवटी त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बाई कामाची होती."

पुढची बैठक येत्या रविवारी आहे. मतदान हात वर करून होईल. काय होईल ते आज सांगता येत नाही. त्या वहिनी अजून नाही म्हणतात, आणि त्यांच्याबरोबर चार जणी आहेत. मी हात वर करणार आहे. सासूबाई गटात नाहीत, पण त्या म्हणाल्या आहेत की बैठकीला येऊन बसणार.

तुमच्या गटात बाहेरून आलेली कोणी आहे का? तिचं माहेर कुठलं, ती कशी आली, आधी काय करायची, हे कधी विचारलं आहे का? या आठवड्यात विचारून बघा.

पुन्हा भेटू. नमस्कार.